बॅक्टेरियालाही 'व्हायरल' होतं, आणि त्याचा ताप आपल्याला होतो

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरात एकापाठोपाठ एक सगळ्यांना 'व्हायरल' झालं. भाची आठवीत आहे, शाळेत नुकताच सूक्ष्मजीवांचा धडा झालेला, ती गोधडीत गुरफटून काढा पिता पिता मला विचारते, "मामा, बॅक्टेरियाला पण व्हायरल होतं का रे?" मी म्हटलं होतं की, आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. तर लगेच पुढचा प्रश्न, "मग ते बरे होतात का?"

इथे माझी गाडी अडली. कारण खरं उत्तर असं आहे की काही मरतात, काही त्या व्हायरसला घरात ठेवून घेतात आणि आपल्या पोराबाळांनाही वारशात देतात, आणि काही तर त्या व्हायरसमुळेच माणसं मारण्याइतके खतरनाक होतात. हे ऐकून तिने काढा बाजूला ठेवला, म्हणजे तिचं काम झालं. पण माझ्या डोक्यात विषय राहिला, त्यात हल्ली 'अँटिबायोटिकला पर्याय म्हणून व्हायरस' असले रील्स सारखे येतात आणि त्यात ही घरात राहणाऱ्या व्हायरसची भानगड कोणी सांगतच नाही. म्हणून हा लेख.

आधी थोडं बेसिक

बॅक्टेरिया म्हणजे एका पेशीचा जीव, स्वतः खातो, स्वतः वाढतो, एकाचे दोन होतो. व्हायरस त्याहून खूप लहान आणि स्वतःचं काहीच नसलेला, म्हणजे एका डबीत ठेवलेल्या सूचना फक्त, त्या वाचायला आणि अमलात आणायला दुसऱ्याची पेशी लागते. बॅक्टेरियाला लागण करणाऱ्या व्हायरसला फेज म्हणतात, पुढे मी हाच शब्द वापरणार आहे. इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि पॅरिसमध्ये देरेल यांनी १९१७ मध्ये हे प्रकरण वेगवेगळं शोधलं.

नेहमीची गोष्ट अशी की फेज बॅक्टेरियावर येऊन बसतो, आपला डीएनए (म्हणजे त्याच त्या सूचना) आत सोडतो, आतली सगळी यंत्रणा स्वतःच्या कॉप्या काढायला जुंपतो आणि अर्ध्या-एक तासात बॅक्टेरिया फुटून शेकडो नवे फेज बाहेर. दरोडाच म्हणा.

पण काही फेज दरोडा घालतच नाहीत. ते आत शिरतात आणि गप्प बसतात.

सातबाऱ्यावर नाव लागलं

गप्प बसतात म्हणजे कोपऱ्यात लपून बसतात असं नाही. ते आपला डीएनए बॅक्टेरियाच्या डीएनएमध्येच जोडून टाकतात, कापून मधे शिवल्यासारखा. हे म्हणजे भाड्याने राहायला आलेल्या माणसाने एक दिवस तलाठ्याकडे जाऊन तुमच्या सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावून घेतल्यासारखं आहे. आता जमिनीची वाटणी झाली, एकाचे दोन उतारे झाले, तर दोन्हीवर त्याचं नाव. दोनाचे चार झाले तर चारांवर. बॅक्टेरिया दर वेळी दुभंगताना आपला सगळा डीएनए कॉपी करतो, त्यात हा पाहुणाही फुकटात कॉपी होतो, त्याला बोटसुद्धा हलवावं लागत नाही.

असा आत शिवलेला झोपलेला फेज म्हणजे प्रोफेज. आणि ही काही एखाद-दुसऱ्याची गोष्ट नाही, आतापर्यंत ज्या बॅक्टेरियांचा सगळा डीएनए वाचून झालाय त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये किमान एक तरी प्रोफेज सापडतोच.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेला असा फेज म्हणजे लॅम्डा. त्याची गंमत ऐका. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या बॅक्टेरियाचा के-१२ नावाचा वाण १९२२ मध्ये अमेरिकेत एका पेशंटच्या शौचातून वेगळा केला गेला, आणि मग जगभरच्या लॅबमध्ये तोच वापरात आला, इतका की जेनेटिक्सचं निम्मं शिक्षण त्याच्यावर झालं असं म्हटलं तरी चालेल. आणि जवळजवळ तीस वर्षं कोणाला पत्ताच नाही की याच्या पोटात एक व्हायरस झोपलाय. १९५१ मध्ये एस्थर लेडरबर्ग यांच्या लक्षात आलं. त्यांच्याकडे के-१२ चाच एक असा वाण तयार झाला होता ज्यातला फेज निघून गेला होता, तो मूळ वाणाबरोबर वाढवल्यावर प्लेटवर गोल गोल रिकामे डाग दिसायला लागले, म्हणजे एकाच्या पोटातला व्हायरस दुसऱ्याला मारत होता. (त्यांचे पती जोशुआ लेडरबर्ग यांना १९५८ चं नोबेल मिळालं, एस्थर यांना नाही. असो, तो वेगळा लेख होईल.)

झोपलाय कशावरून? मेलाही असेल की

हीच शंका त्या काळातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना होती. काही म्हणायचे असं काही नसतंच, बॅक्टेरियाच्या बाहेरून फेज चिकटलेले असतात, तुमचे नमुनेच अस्वच्छ आहेत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफ यांनी १९४९ च्या सुमारास याचा अगदी चिकाटीने निकाल लावला. सूक्ष्मदर्शकाखाली एका थेंबात एकच बॅक्टेरिया ठेवायचा, तो दुभंगला की एक पोर उचलून दुसऱ्या थेंबात न्यायचं, जुन्या थेंबात फेज आहेत का तपासायचं, आणि हे पिढ्यानपिढ्या करत राहायचं. थेंबात फेज नाहीत. तरीही प्रत्येक पिढीत ती फेज बनवण्याची क्षमता शिल्लक. म्हणजे जे काही आहे ते आतच आहे आणि वारशाने चाललंय.

आणि मधेच कधीतरी एखादा बॅक्टेरिया अचानक फुटायचा आणि थेंब फेजनी भरून जायचा. का फुटला? काही कळेना. बरेच प्रयत्न फसल्यावर १९५० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बॅक्टेरियांवर अतिनील किरण टाकून पाहिले, आणि तासाभरात जवळजवळ सगळेच्या सगळे फुटले. प्रोफेज हा शब्दही ल्वॉफ यांचाच. पुढे १९६५ मध्ये त्यांना जाकोब आणि मोनो यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

घर फिरलं की वासे फिरतात

आता किरण टाकल्यावर नेमकं काय होतं? प्रोफेजचे जवळजवळ सगळे जीन (म्हणजे डीएनएमधल्या एकेक सूचना) बंद असतात, फक्त एक चालू असतो, आणि तो एकच प्रोटीन बनवत राहतो ज्याचं काम बाकीच्यांवर कुलूप लावून ठेवणं. म्हणजे फेज झोपलेला असतो ही आपली बोलायची पद्धत, खरं तर तो स्वतःच स्वतःला आतून कुलूप लावून बसलेला असतो आणि ते कुलूप सतत नव्याने बनवत असतो.

बॅक्टेरियाच्या डीएनएला इजा झाली, किरणांनी म्हणा, रसायनाने म्हणा, की बॅक्टेरिया आतल्या आत एक धोक्याची घंटा वाजवतो, दुरुस्तीची मंडळी बोलावतो. ती घंटा खरं तर त्याच्या स्वतःच्या कामासाठी. पण आत बसलेला पाहुणाही ती ऐकतो, कारण त्याचं कुलूप असं बनलंय की घंटा वाजली की ते आपोआप तुटतं. मग तो आपला डीएनए कापून बाहेर काढतो, कॉप्या काढतो, मालकाला फोडतो आणि चालता होतो. आपल्याकडे म्हण आहे ना, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ती कोणी लॅम्डा बघून केली असावी इतकी फिट बसते. मालक तसाही मरायला टेकलाय, तर मी कशाला त्याच्याबरोबर बुडू, असा सरळ हिशोब (अर्थात व्हायरसला डोकं नसतं, हिशोब लाखो वर्षांच्या निवडीतून झालेला आहे).

ही घंटा लक्षात ठेवा, पुढे अँटिबायोटिकच्या वेळी परत लागणार आहे.

घटसर्पाची लस नेमकी कोणाविरुद्ध?

आता मुख्य मुद्दा. हा पाहुणा नुसता झोपा काढत नाही, येताना सामानही घेऊन येतो.

घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. आजोबांच्या पिढीत हे नाव ऐकून घर हादरायचं, घशात राखाडी पडदा धरतो, श्वास कोंडतो, लहान मुलं जायची. याचा बॅक्टेरिया १९ व्या शतकातच सापडला होता, त्याचं विषही सापडलं होतं. पण कोडं असं होतं की काही लोकांच्या घशात हुबेहूब तोच बॅक्टेरिया असायचा आणि त्यांना काहीही व्हायचं नाही. दिसायला सारखे, वाढायला सारखे, पण एक विष बनवतो आणि दुसरा नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल इथे व्हिक्टर फ्रीमन यांनी निरुपद्रवी घटसर्प-बॅक्टेरियावर फेज सोडले, आणि जे त्यातून वाचले ते विष बनवायला लागले. पुढे स्पष्ट झालं की विषाचा जीन बॅक्टेरियाचा नाहीच, तो फेजचा आहे. फेज आत शिवला गेला की बॅक्टेरिया विषारी, नाहीतर घशात राहणारा एक गरीब भाडेकरू.

यावर मी स्वतः पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन मिनिटं थांबलो होतो. कारण आपण बाळांना जी त्रिगुणी किंवा आता पेंटाव्हॅलंट लस देतो, त्यातला घटसर्पाचा भाग त्या विषाविरुद्ध असतो, म्हणजे निष्प्रभ केलेलं विषच टोचतात जेणेकरून शरीर ते ओळखायला शिकेल. आणि ते विष व्हायरसच्या जीनवरून बनतं. म्हणजे बॅक्टेरियाच्या आजाराची लस म्हणून आपण जे घेतो ती खरं तर त्या बॅक्टेरियात घुसलेल्या व्हायरसच्या मालाविरुद्धची तयारी आहे.

आणि यातली मिलीभगत बघा. विषाचा जीन व्हायरसचा, पण त्याचं बटण बॅक्टेरियाच्या हातात. आजूबाजूला लोह भरपूर असेल तोवर बॅक्टेरियाचं एक प्रोटीन तो जीन दाबून ठेवतं, लोह कमी झालं की सोडतं. आपल्या शरीरात मोकळं लोह जवळजवळ नसतंच, शरीर ते घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे घशात पोचल्या पोचल्या बटण चालू.

पटकी: मरीआईच्या पोटातला धागा

पटकी म्हणजे कॉलरा. आपल्याकडे गावोगावी वेशीवर मरीआईचं देऊळ असतं ते याच भीतीपोटी, आणि पंढरीच्या वारीत पटकी पसरण्याच्या कितीतरी नोंदी ब्रिटिश काळातल्या आहेत. कॉलऱ्यात माणूस काही तासांत पाण्यावाचून सुकून मरतो, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, वाईट अवस्थेत तासाला लिटरभरसुद्धा पाणी जातं.

हे करणारं विष शोधलं कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधायचा, त्यात बॅक्टेरिया गाळून काढलेलं नुसतं पाणी सोडायचं, आणि आतडं फुगतं का बघायचं. फुगलं. १९५९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. जिवंत बॅक्टेरिया लागत नाही, त्याने सोडलेलं विषच पुरेसं आहे, हे इतक्या साध्या सामानात दाखवणारा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसावा हे मला कळत नाही. वर ज्यांचं नाव आलं त्या जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं, मिळालं नाही.

पण त्या विषाचा जीन आला कुठून, हे कळायला १९९६ उजाडलं. वॉल्डर आणि मेकालानोस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवलं की तोही एका फेजचा आहे. हा फेज वेगळ्या जातीचा, लांब धाग्यासारखा, आणि हा बाहेर पडताना मालकाला फोडतही नाही, मागच्या दाराने एक एक धागा सोडत राहतो. त्याहून भारी गोष्ट म्हणजे तो आत शिरताना बॅक्टेरियाच्या ज्या केसासारख्या तंतूला धरतो तोच तंतू बॅक्टेरियाला आतड्यात वस्ती करायला लागतो. तो तंतू आतड्यात पोचल्यावर जोरात तयार होतो, त्यामुळे फेजची ही देवाणघेवाण उंदरांच्या आतड्यात लॅबच्या प्लेटपेक्षा जास्त जोरात झाली. म्हणजे निरुपद्रवी कॉलरा-बॅक्टेरिया पाण्यातून पोटात जातो, आणि विषाचं सामान त्याला कदाचित आपल्या पोटातच मिळतं.

खाडीच्या, नदीमुखाच्या पाण्यात या जातीचे बॅक्टेरिया भरपूर असतात, शेकडो प्रकारचे, आणि त्यातल्या बहुतेकांकडे हा फेज नसतोच. म्हणून 'पाण्यात कॉलऱ्याचा जंतू सापडला' अशी बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो, विषाचा जीन तपासला का.

"पण बॅक्टेरियाला यात काय मिळतं?"

रास्त शंका आहे. फुकट कोण कोणाला पोसतं?

पहिली गोष्ट, संरक्षण. वर जे कुलूप सांगितलं ते आत बसलेल्या फेजला जसं बंद ठेवतं तसं बाहेरून त्याच जातीचा दुसरा फेज शिरला तर त्यालाही बंद करतं. एका गुंडाला घरात ठेवलं की त्याच्या टोळीचे बाकीचे दारात येत नाहीत, असला प्रकार.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. ई. कोलाय के-१२ मध्ये लॅम्डाशिवाय नऊ जुने प्रोफेज आहेत, पार मोडकळीला आलेले, अर्धे जीन गेलेले, आता ते बाहेर पडूच शकत नाहीत. सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात पणजोबांच्या काळातल्या नोंदी असतात ना, माणसं केव्हाच गेली पण नोंद कोणी काढली नाही, तसे. सगळ्यांना वाटायचं हा कचरा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने हे नऊच्या नऊ कापून टाकले, आणि बॅक्टेरिया उलटा कमजोर झाला, काही अँटिबायोटिक्ससमोर, आम्लासमोर, खारटपणासमोर टिकेना. म्हणजे मेलेल्या पाहुण्यांची भांडीकुंडी मालकाच्या संसारात मिसळून गेलेली होती.

आणि लिस्टेरियाचं तर विचारूच नका. खाण्यातून होणाऱ्या एका गंभीर आजाराचा हा बॅक्टेरिया, याच्या एका जीनच्या बरोब्बर मधोमध फेज शिवलेला असतो, त्यामुळे तो जीन तुटलेला. पण आपल्या पांढऱ्या पेशीने लिस्टेरिया गिळला की फेज स्वतःला कापून बाजूला होतो, जीन सांधला जातो, आणि त्याच्या मदतीने बॅक्टेरिया त्या पेशीच्या पोटातून निसटतो. फेज मात्र या वेळी मालकाला फोडत नाही, नुसता बाजूला होतो. २०१२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी हे दाखवलं. पाहुणा आहे की घरातली खिटी आहे हेच सांगता येईना.

जर्मनीतली मोड आलेली मेथी

२०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत लोकांना रक्ताचे जुलाब व्हायला लागले आणि मग किडन्या बंद पडायला लागल्या, तेही धडधाकट मोठ्या माणसांच्या. आधी आळ आला स्पेनच्या काकड्यांवर, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, मग कळलं की दोष काकडीचा नाही, मोड आलेल्या मेथीचा आहे, आणि बी इजिप्तमधून आलेलं होतं. साधारण ३,८०० लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त गेले.

जंतू होता ई. कोलाय. पण नेहमीचा नाही. आतड्याला चिकटून बसणारा एक वाण, ज्याने कधीतरी एक फेज घरात घेतला होता, आणि त्या फेजजवळ शिगा विषाचा जीन होता. हे विष रक्तातून किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशींचा प्रोटीन बनवण्याचा कारखानाच बंद पाडतं. त्याआधी १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात शाळकरी मुलांमध्ये ई. कोलायच्याच ओ१५७ वाणाची मोठी साथ आली होती, त्या जंतूचा डीएनए वाचला तर त्यात अठरा प्रोफेज निघाले. अठरा! भाडेकरूंची चाळच.

आता ती घंटा आठवा. या जंतूंना शिगा विष बाहेर सोडायची नीट सोय नाही. विषाचा जीन फेजच्या बाकीच्या जीन्सबरोबर कुलपात असतो, आणि विष बाहेर येतं ते फेज जागा होऊन बॅक्टेरिया फुटल्यावर. म्हणजे एक फुटतो तेव्हा तो स्वतः मरतो, विष मात्र सगळीकडे. आणि काही अँटिबायोटिक्स, विशेषतः सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी डीएनएवर काम करणारी, नेमकी तीच घंटा वाजवतात.

"म्हणजे अँटिबायोटिक घ्यायचंच नाही का?"

असं अजिबात म्हणायचं नाहीये, कृपया हे स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. हा प्रश्न शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायपुरता आहे. त्याच्या शंकेत डॉक्टर बहुतेकदा अँटिबायोटिक टाळतात, पाणी-क्षार देतात, किडनीवर लक्ष ठेवतात, आणि घरच्यांना वाटतं डॉक्टर काहीच करत नाहीये. कॉलऱ्यात उलट आहे, तिथे मुख्य उपचार ओआरएस आणि सलाईन, पण गंभीर पेशंटला अँटिबायोटिकचा फायदा होतो. घटसर्पात विषाविरुद्धचं औषधही लागतं आणि अँटिबायोटिकही. घोळ होतो तो आपण जुलाब सुरू झाले की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'दोन गोळ्या द्या हो' म्हणतो तिथे, कारण आत कोण आहे आणि त्याच्या आत कोण आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नसतं.

"हे व्हायरस आपल्यालाच लागले तर?"

नाही लागत. फेज बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावरच्या ठराविक खुणा बघून चिकटतो, आपल्या पेशींवर त्या नसतात. पण झोपून राहायची युक्ती आपल्या व्हायरसनाही येते. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो व्हायरस मज्जातंतूंच्या गाठींमध्ये पडून राहतो आणि पन्नाशी-साठीत नागीण म्हणून उठतो. फरक एवढा की तो आपल्या मुलांना वारशाने जात नाही, प्रोफेज जातो.

मग ती फेज थेरपी?

आता रील्सवाल्या विषयाकडे. अँटिबायोटिक न जुमानणाऱ्या बॅक्टेरियावर फेज सोडायचे ही कल्पना जुनी आहे, जॉर्जियातल्या तिबिलिसीमध्ये तर गेली कित्येक दशकं चालू आहे. पण वरचं सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा, कुठला फेज सोडाल? मुक्कामी, म्हणजे आत शिवून झोपणाऱ्या जातीचा सोडला तर तो मारण्याऐवजी आत घर करून बसेल, वर त्या बॅक्टेरियाला आपल्या टोळीपासून संरक्षण देईल, आणि सामानात विषाचा जीन असेल तर संपलंच. म्हणून उपचाराचा फेज निवडताना त्याचा डीएनए आधी वाचतात, आणि त्यात स्वतःला शिवून घेण्याचं सामान दिसलं तर शक्यतो त्याला घेत नाहीत.

शक्यतो म्हटलं, कारण कधी कधी पर्यायच नसतो. इंग्लंडमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुसं बदलल्यानंतर क्षयाच्या जंतूच्या नात्यातल्या एका बॅक्टेरियाने ग्रासलं होतं, कुठलंच औषध चालेना. अमेरिकेत पिट्सबर्गचे ग्रॅहम हॅटफुल यांच्याकडे विद्यार्थ्यांनी जगभरातून गोळा केलेले हजारो फेज होते, त्यातून तिच्या जंतूवर चालतील असे तीनच निघाले, आणि त्यातले दोन मुक्कामी जातीचे. मग त्यांनी त्या दोघांचा कुलूप बनवणारा जीनच कापून टाकला. आता आत शिरले तरी झोपता येईना, फोडण्याशिवाय इलाज नाही. २०१९ मध्ये ही केस प्रसिद्ध झाली, मुलीची तब्येत बरीच सुधारली होती, जखमा भरत आल्या होत्या.

तिसऱ्या फेजला काही करावं लागलं नाही, तो मुळातच फोडणारा निघाला. तो सापडला होता दक्षिण आफ्रिकेत डर्बनला, एका सडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला. हे मी भाचीला सांगितलं तर म्हणे, बघ, वांगं खायच्या लायकीचं नसतंच.